विजयदुर्गची गोदी

मराठ्यांच्या इतिहासाचे पुस्तक उघडले की घोडे भेटतात, गड भेटतात, तहांच्या तारखा भेटतात. जहाजे मात्र एखाद्या परिच्छेदात येतात आणि लगेच नाहीशी होतात. ती कुठे बांधली जात, लाकूड कोठून येई, बिघडलेले जहाज दुरुस्त कसे करीत, असा प्रश्न परीक्षेत येत नाही आणि म्हणून कोणी विचारीतही नाही. त्यातून आपण माळव्यातले. इथल्या मुलांना ‘सुकाणू’ हा शब्द वर्तमानपत्रातल्या ‘सुकाणू समिती’मुळे ठाऊक असतो, खरे सुकाणू बहुतेकांनी पाहिलेले नसते. तेव्हा या अंकाच्या इतिहासपाठासाठी आम्ही मुद्दामच समुद्राकाठचा विषय घेतला आहे. मराठी आरमाराची जहाजे जिथे बांधली आणि दुरुस्त केली जात, त्या विजयदुर्गजवळच्या गोदीचा हा पाठ आहे.

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. बंदर म्हणजे जहाजे लागण्याची, माल चढविण्या-उतरविण्याची जागा. गोदी म्हणजे जहाज आत घेऊन ते बांधण्याची किंवा दुरुस्त करण्याची जागा. त्यातली कोरडी गोदी ही खास चीज. जहाजाचा जो भाग नेहमी पाण्याखाली असतो, नेमका तोच आधी खराब होतो. त्याला शिंपले चिकटतात, शेवाळ धरते, आणि लाकूड आतून पोखरणारा एक समुद्रकिडा त्याची चाळण करतो. तळ घासायचा, कुजलेली फळी बदलायची, तर जहाज पाण्याबाहेर हवे. पण दोनशे टनांचे जहाज उचलायचे कसे? त्या काळी एवढे वजन पेलणारे यंत्र नव्हते. उत्तर असे की जहाज उचलायचेच नाही. त्याच्याखालचे पाणी काढून घ्यायचे.

हे काम भरती-ओहोटी फुकट करून देते. आपल्याकडे नदीला पूर येतो तो पावसाळ्यात. समुद्राला मात्र दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते व पाणी सर्वांत जास्त चढते. त्याला कोकणात उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही चढउतार कमी असते, तो भांग. विजयदुर्गच्या बाजूस उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढते-उतरते. आता खाडीच्या काठी खडकात एक मोठा हौद खोदला, त्याचे एक तोंड खाडीकडे ठेवले, आणि उधाणाच्या भरतीला जहाज आत आणून उभे केले, की पुढले काम ओहोटी करते. पाणी उतरते, जहाज लाकडी टेकूंवर बसते, तोंडाशी बांध घातला की आत कोरडी जमीन. सुतारांचे काम झाले की पुढच्या उधाणाला बांध काढायचा आणि जहाज आपोआप तरंगते. पंचांग पाहून काम करणारा हा कारखाना! तिथी चुकली तर जहाज पंधरवडाभर अडकून पडणार.

हे घरी करून पाहता येते. मोठ्या परातीत विटांचे तुकडे लावून एका बाजूने उघडा असा चौकोन करा, परातीत पाणी भरा, कागदी होडी चौकोनात आणा, उघडी बाजू ओल्या मातीने बंद करा, आणि विटांच्या फटीही त्याच मातीने बुजवून आतले पाणी वाटीने उपसून टाका. होडी तळावर बसेल. मग मातीचा बांध फोडा. आठवीच्या वर्गाने हा प्रयोग करावा असे आम्हांस वाटते. भूगोल आणि इतिहास या दोन्ही तासांना तो चालेल.

आता जागा पाहू. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात वाघोटण नदीची खाडी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी, दक्षिण बाजूस, विजयदुर्ग किल्ला. इंग्रजी कागदांत त्याला घेरिया म्हटलेले आढळते. पश्चिम किनाऱ्यावरील बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा आडवा दांडा साचतो आणि मोठी जहाजे अडतात. वाघोटणच्या मुखाशी तसा दांडा नाही. म्हणून कोणत्याही हवेत, अगदी नैऋत्येचा वारा सुटलेला असतानाही, जहाजाला आत शिरता येते आणि किल्ल्याच्या आडोशाला निर्धास्त राहता येते. जुन्या गॅझेटियरकारांनी या बंदराची गणना किनाऱ्यावरील उत्तम बंदरांत केली ती यामुळेच. खाडी आतपर्यंत खोल आहे. सुमारे चाळीस किलोमीटरवर खारेपाटण हे शिलाहारांच्या काळापासूनचे जुने व्यापारी गाव; तिथपर्यंत गलबते जात. म्हणजे सह्याद्रीतले लाकूड ओंडक्यांच्या रूपाने पाण्यावरूनच खाली आणता येई. गोदीला लागतात त्या तीन गोष्टी, आसरा, पाणी आणि लाकूड, इथे एकाच खाडीवर मिळाल्या.

गोदी किल्ल्याला लागून नाही. खाडीतून सुमारे तीन किलोमीटर आत, गिर्ये गावच्या बाजूस, खाडीच्या एका फाट्यावर ती आहे. बाहेरच्या समुद्रावरून जाणाऱ्या शत्रूच्या जहाजाला ती दिसत नाही, आणि तिथवर पोहोचायचे तर किल्ल्याच्या तोफांखालून यावे लागते. खडक खोदून काढलेली ही गोदी साधारण ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद आहे. आकड्यांनी अंदाज येत नसेल तर असे समजा, की फुटबॉलचे जवळजवळ एक मैदान खडकात खोलगट कोरले आहे. एवढ्या जागेत एका वेळी एकच नव्हे, तर कित्येक जहाजांचे काम चालू शकते.

आता लाकूड आणि सुतारकाम. ही माहिती आमच्या मते या पाठाचा गाभा आहे.

जहाजाचे अंग सागाचे. साग निवडण्याचे कारण केवळ मजबुती नव्हे. सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे किडा सहसा लागत नाही आणि आत ठोकलेला लोखंडी खिळा सुरक्षित राहतो. युरोपातली जहाजे ओकची. ओकच्या लाकडातल्या आम्लामुळे लोखंड गंजते, खिळा सैल होतो, फळी हलते. म्हणूनच पुढे इंग्रजांनाही हिंदुस्थानी सागाच्या जहाजांची भुरळ पडली. डोलकाठीसाठी उंच, सरळसोट आणि वाऱ्याबरोबर थोडे लवणारे झाड हवे. त्यासाठी उंडीच्या जातीची झाडे वापरीत. उंडीच्या बियांचे तेल कोकणात होड्यांना लावण्याची चाल जुनीच. दोर काथ्याचे, कारण काथ्या खाऱ्या पाण्यात कुजत नाही.

फळ्या जोडण्याची पद्धत आपल्या पश्चिम किनाऱ्याची खास होती. युरोपात फळीला फळी नुसती भिडवून मधल्या फटीत दोराचा चोथा कोंबीत. इथे फळीच्या एका कडेला खाच पाडीत, दुसरीच्या कडेला त्या खाचेत नेमकी बसेल अशी जीभ काढीत, मध्ये राळेत भिजवलेला कापूस घालीत आणि मग दोन्ही ठोकून एक करीत. सांधा असा बसे की दोन फळ्या कुठे संपतात ते बोटाला कळू नये. तळाला बाहेरून चुना आणि तेल यांचा लेप देत. तो वाळला की दगडासारखा घट्ट होई आणि किडा आत शिरत नसे. हे सारे करणाऱ्या सुतारांची नावे आपल्याला इतिहासाने ठेवून दिलेली नाहीत. सरदारांची आहेत, पेशव्यांची आहेत, वेढा घालणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांची तर तारीखवार आहेत. सुतारांची मात्र नाहीत.

लाकडाच्या बाबतीत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण करून देणे जरूर आहे. सन १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्रच अंग आहे, असे तिथे बजावले आहे. सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत. पण आंबा-फणस यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, मगच तोडावे, असा त्यातला भाव आहे. लढाऊ जहाज बांधताना शेतकऱ्याच्या परसातल्या फणसाचा विचार करणारे राज्यशास्त्र जगात फार ठिकाणी सापडणार नाही.

या गोदीत बांधली जाणारी मुख्य जहाजे दोन प्रकारची: गुराब आणि गलबत. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने त्यांचे वर्णन बारकाईने केले आहे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, साधारण १५० ते ३०० टनांची. तिची पुढली नाळ लांब, पाण्यावर पुढे झुकलेली. आणि गंमत म्हणजे दोन मोठ्या तोफा बाजूला नसून समोर, नाळेच्या दिशेने रोखलेल्या. बाजूच्या तोफा त्याहून लहान. गलबत आकाराने बरेच लहान, सत्तर टनांच्या आतले, एक मोठे तिकोनी शीड, सहा-आठ छोट्या तोफा आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला तरी गलबत चालते. आणि वारा पडला की गलबते दोर लावून गुराबांना ओढतात.

ही रचना ध्यानात घेतली की आंग्र्यांचे युद्धतंत्र आपोआप समजते. इंग्रजांच्या मोठ्या जहाजाच्या तोफा त्याच्या दोन्ही कुशींना असत. मागच्या बाजूला जवळजवळ काही नसे. म्हणून गुराबा नेहमी मागून येत, नाळेवरच्या तोफांनी डोलकाठ्या आणि शिडे फोडीत, आणि जहाज पांगळे झाले की गलबतांतून दोनदोनशे माणसे तलवारी घेऊन त्यावर चढत. हरण्याची वेळ आली तर उथळ खाडीत शिरत; खोल तळाचे इंग्रजी जहाज तिथे येऊ शकत नसे. उथळ तळ हे जसे बळ होते तसा उणेपणाही होता. खुल्या महासागरात, तोफेला तोफ देऊन उभे राहण्यासाठी ही जहाजे नव्हतीच. काही अभिमानी लेखक हे सांगायचे टाळतात. आम्हांस ते सांगितलेले बरे वाटते, कारण त्यावाचून पुढची हकीकत कळत नाही.

मराठी आरमाराची सुरुवात विजयदुर्गला झाली नाही. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर तिथल्या खाडीत जहाजे बांधण्यास आरंभ केला. त्या कामावर रुय लैताव व्हियेगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव हे पोर्तुगीज कारागीर होते. १६५९ मध्ये ते काम सोडून निघून गेले, असे पोर्तुगीज कागदांवरून दिसते. काम मात्र थांबले नाही. कान्होजी आंग्र्यांच्या काळात हे आरमार भरभराटीस आले. कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग ही त्यांची मुख्य ठाणी. विजयदुर्गवर इंग्रजांनी १७१७ मध्ये आणि पुन्हा १७२० मध्ये चाल केली. दुसऱ्या वेळी त्यांनी ‘फ्राम’ नावाचा तरता तोफखाना खास तयार करून आणला होता. त्याचा काही उपयोग झाला नाही. १७२४ मध्ये डचांनीही येऊन हात टेकले. इंग्रज आंग्र्यांना ‘चाचे’ म्हणत. पण आंग्रे जे करीत होते ते असे, की आपल्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आपला परवाना घ्यावा, न घेतल्यास जहाज जप्त. पोर्तुगीज हेच दोनशे वर्षे करीत आले होते. त्यांना कोणी चाचे म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि मग भाऊबंदकी सुरू झाली. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेकडे. बाजीराव पेशव्यांनी १७३५ मध्ये मध्यस्थी करून मानाजीला ‘वजारतमाब’ आणि संभाजीला ‘सरखेल’ असे किताब वाटून दिले. म्हणजे एक आरमार होते त्याची दोन झाली. त्याच वर्षी संभाजीने ‘डर्बी’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे मोठे जहाज धरले, हा भाग वेगळा. संभाजीच्या मागून विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडे आला. तुळाजी शूर, धाडसी आणि कोणाचेही न ऐकणारा. तो पेशव्यांच्या मुलखालाही उपद्रव देऊ लागला. नानासाहेब पेशव्यांचा राग अकारण नव्हता.

पण रागावर उपाय काय काढला? १७५५ च्या मार्चमध्ये पेशव्यांचे कोकणातले अधिकारी रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. आणि १७५६ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉट्सनचा ताफा, त्यात ‘केंट’, ‘कंबरलंड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ ही इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे, आणि जमिनीवरच्या फौजेचा मुख्य म्हणून रॉबर्ट क्लाइव्ह, असे विजयदुर्गपुढे येऊन ठाकले. तुळाजी बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेला होता; तो तिथेच अडकला आणि किल्ला त्याच्या मेहुण्याच्या हाती राहिला. मुंबई सोडण्यापूर्वीच इंग्रजांनी लुटीची वाटणी आपसांत ठरवून टाकली होती, आणि त्या वाटणीत मित्र म्हणून बरोबर आलेल्या पेशव्यांचा वाटा नव्हता.

१२ फेब्रुवारीला तोफा सुरू झाल्या. आंग्र्यांचा सारा ताफा किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांस बांधून उभा होता. दुपारनंतर इंग्रजांचा एक गोळा ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज मूळचे इंग्रजांचेच. १७४९ मध्ये तुळाजीने जिंकून आणलेले. त्याने पेट घेतला, ते सुटून इतरांवर गेले, आणि तासाभरात गुराबा, गलबते, सगळे पेटले. पन्नास-साठ वर्षांच्या सुतारकामाची एका संध्याकाळी राख झाली. त्यात बांधणीत असलेली दोन मोठी जहाजेही होती. त्यांपैकी एक चाळीस तोफांचे होणार होते. हा तपशील आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. गुराब-गलबतांचा उणेपणा विजयदुर्गच्या कारागिरांना दिसलेला होता आणि ते मोठ्या जहाजांकडे वळत होते, असा त्याचा अर्थ होतो. ती दोन जहाजे पाण्यात उतरलीच नाहीत.

१३ तारखेला किल्ला पडला. दोनशेच्या वर तोफा आणि सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज इंग्रजांस मिळाला. तुळाजी आयुष्याच्या अखेरपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला. किल्ला मराठ्यांच्या हवाली करायला इंग्रजांनी टाळाटाळ केली. शेवटी १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहाने बाणकोट व काही गावे घेऊन त्यांनी तो सोडला. आणि वॉट्सन व क्लाइव्ह पुढे कोठे गेले? बंगालात. ‘केंट’, ‘टायगर’ आणि ‘सॅलिसबरी’ या त्याच जहाजांनी १७५७ च्या मार्चमध्ये चंद्रनगरवर तोफा डागल्या, आणि जूनमध्ये प्लासी झाली. नानासाहेबांना हे पुढचे दिसणे शक्य नव्हते, असे म्हणता येईल. पण हाताखालच्या सरदाराला वठणीवर आणण्यासाठी परक्याकडून आपलेच आरमार जाळून घेऊ नये, एवढे समजायला प्लासीची वाट पाहण्याची गरज नव्हती. आमचे मत असे आहे; वर्गात यावर वाद व्हावा. पेशव्यांची बाजू मांडणाऱ्या विद्यार्थ्याने तुळाजीच्या उपद्रवाची माहिती जरूर वाचावी, ती बाजूही पोकळ नाही.

विजयदुर्गची गोदी मात्र जळाली नाही. खडक जळत नाही. पेशव्यांनी विजयदुर्गला आपला आरमारी सुभा केला आणि पुढे त्यावर आनंदराव धुळप आले. त्यांच्या काळात या खाडीतून पुन्हा जहाजे निघू लागली. ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीच्या समुद्रात धुळपांनी ‘रेंजर’ हे इंग्रज जहाज कित्येक तासांच्या हातघाईनंतर पकडून विजयदुर्गला आणले. सालबाईचा तह त्याआधी झालेला असल्याने ते परत द्यावे लागले, पण लढाईचे नाव राहिले.

याच काळातली दुसरी हकीकत अधिक दूरवर पोहोचते. १७७२ मध्ये मराठी आरमाराने ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले. त्याची भरपाई म्हणून १७ डिसेंबर १७७९ च्या तहानुसार पेशव्यांनी नगर हवेलीतल्या गावांचा वसूल पोर्तुगीजांना देण्याचे कबूल केले आणि १७८३ च्या जूनमध्ये तो मुलूख त्यांच्या ताब्यात गेला. वसूल घेता घेता ते तिथले राज्यकर्ते झाले. १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी नगर हवेली मुक्त केली. त्यांत संगीतकार सुधीर फडके होते, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत असते. पण त्या साऱ्या प्रकरणाचे मूळ एका जहाजात आहे हे थोड्यांनाच ठाऊक असते.

१८१८ मध्ये विजयदुर्ग इंग्रजांकडे गेला आणि गोदीचे काम संपले.

इथे मुंबईशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार सुरतेहून मुंबईस आले ते १७३६ मध्ये, म्हणजे विजयदुर्गला संभाजी आंग्रे असतानाच. मुंबईची पहिली कोरडी गोदी १७५० ची. तोच साग, तीच खाचेत जीभ बसविण्याची जोडणी, तीच भरती-ओहोटी. लवजींच्या वंशजांनी तिथे इंग्लंडच्या राजाच्या आरमारासाठी जहाजे बांधली. त्यातले ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ चे. १८४२ मध्ये चीनशी झालेला नानकिंगचा तह त्याच्यावर बसून झाला. १८१७ चे ‘त्रिंकोमाली’ तर अजूनही तरंगते आहे. इंग्लंडात हार्टलपूल येथे ते संग्रहालय म्हणून पाहायला मिळते. आणि ती मुंबईची गोदी आजही भारतीय नौदलाची गोदी आहे. कारागिरीत विजयदुर्ग मुंबईच्या मागे होता असे मानायला आम्हांस आधार दिसत नाही. फरक मालकात होता. मुंबईच्या मालकाला दरवर्षी जहाजे हवी होती आणि एका घराण्याच्या सुतारांना त्याने पिढ्यान्‌पिढ्या काम दिले. विजयदुर्गच्या मालकांत आधी वाटण्या झाल्या, मग भांडण झाले आणि मग आग लागली.

आज गोदीत गाळ साचला आहे आणि खारफुटी वाढली आहे. कडेचा कोरलेला खडक ओळखू येतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी विजयदुर्गच्या परिसरात शोध घेतला असून तिथे जुने दगडी नांगरही मिळाले आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत विजयदुर्ग आहे. यादीत नाव किल्ल्याचे. तीन बुरूज पाहून, तटावर छायाचित्र काढून पर्यटक परत फिरतात. तीन किलोमीटरवरच्या गोदीकडे फारसे कोणी वळत नाही. आम्हांस वाटते की किल्ला आणि गोदी ही एकच वास्तू आहे. गोदीवाचून किल्ला म्हणजे घोड्यावाचून पागा.

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे कोकणात जातात. मुंबई-गोवा महामार्गावर तळेरे येथे विजयदुर्गचा फाटा आहे. किल्ला पाहून झाल्यावर गिर्येकडे जावे. वाटेत रामेश्वराचे देऊळ लागते. खडक फोडून केलेल्या वाटेने त्यात उतरावे लागते, आणि तिथे संभाजी आंग्र्यांची समाधी दाखवतात. गोदीवर जाण्यापूर्वी गावात ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. भरतीला गेलात तर पाणी आणि खारफुटीच दिसेल, गोदी दिसणार नाही. ओहोटीला जा, गाळात उतरू नका, कडेने चाला, आणि तोंडाची बाजू कोणती ते शोधा. शक्य झाल्यास सहा तासांनी पुन्हा जाऊन तीच जागा पाहा. लहान मुलांनी दोन्ही वेळचे चित्र काढून आणावे, मोठ्यांनी खडकावरचे छिन्नीचे घाव पाहून तिथल्या दगडाचे वर्णन लिहून आणावे. पुढच्या अंकात त्यातली निवडक चित्रे व टिपणे छापू.